पडद्याच्या दोन काळ्या पट्ट्या

ईरा, निहार — तुम्हा दोघांना मी आजवर पुष्कळ गोष्टी सांगितल्या. ही एक मुद्दाम मागे ठेवली होती. तुमच्या बाबांनासुद्धा ती माहीत नाही. माझ्याबरोबरच ती संपेल अशी माझी व्यवस्था होती, आणि व्यवस्था लावण्यात मी कच्ची नाही हे तुम्ही जाणता.

पण परवा, ईरा, तू फोनवर हसत हसत सांगितलंस की सकाळी उठलं की तू एक डोळा हाताने झाकतेस आणि खिडकीच्या चौकटीकडे बघतेस. रेषा सरळ दिसते ना? मग दुसरा डोळा झाकतेस. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोणाला डोळ्यांचा विकार होता का, आणि तू आजोबांचं सांगितलंस. आता तुला तपासणीला सारखं बोलावतात. तू चित्रं काढतेस. भीती वाटते असं तू म्हणाली नाहीस — पण रोज सकाळी खिडकी कोण बघतं?

फोन ठेवला तेव्हाच ठरवलं. आता लिहायचं, आणि सगळं लिहायचं.

सुरुवात कुठून करू? मॉनिटरपासून करते. तो निर्जीव आहे, त्याच्याबद्दल लिहायला सोपं जातं.

आपल्या रोह्याजवळच्या वरशाच्या घरात पूर्वी तो जाडजूड, मागे पोट सुटलेला मॉनिटर होता. त्यावर तुम्ही सुट्टीत आजोबांबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचात. तुम्ही परदेशी गेलात तरी आजोबांनी तो गेम सोडला नाही. दुपारचा चहा झाला की ते एकटेच गाडी पळवायचे. कॉम्प्युटरला ते त्या गेमपुरतेच हात लावत. बँक, ईमेल वगैरे माझ्याकडे. मग एके दिवशी तो जुना मॉनिटर बंद पडला आणि बाबांनी पैसे पाठवून नवा, रुंद मॉनिटर घ्यायला लावला.

रोह्याचे दुकानदार स्वतः येऊन तो बसवून गेले. आजोबा तेव्हा बाजारात गेले होते. दुकानदारांनी गेम लावून दाखवला. चित्र मधोमध, आणि डाव्या-उजव्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. मी विचारलं, एवढा मोठा पडदा घेतला आणि कडेला हे काय? ते म्हणाले, मॅडम, हा गेम जुन्या पडद्यासाठी केलेला. त्याची रुंदी आणि उंची चारास तीन. नवा पडदा सोळास नऊ. कडेला काळं राहणारच. पूर्ण पडदाभर ताणलंत तर सगळं आडवं फुगेल, म्हणून हे असंच राहू द्या.

बघा, मला नीट सांगितलं होतं. मला नीट समजलंही होतं. मी इंग्रजीची शिक्षिका असले तरी गुणोत्तर मला येतं — चाराचे तीन सोडून सोळाचे नऊ केले की प्रत्येक गोल वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. हे इथे लिहिते, कारण पुढे मला अज्ञानाच्या मागे लपता येऊ नये.

ते गेल्यावर मी त्या पट्ट्यांकडे बघत बसले. अर्धवट ओढलेल्या पडद्यांसारख्या दिसत होत्या. मला अर्धवट काही आवडत नाही. मॉनिटरच्या खालच्या कडेला बटणं होती. त्यातलं एक दाबून मी मेनू काढला, ‘फुल’ केलं. पट्ट्या गेल्या. पडदा काठोकाठ भरला. मला बरं वाटलं.

इथवर गुन्हा नाही, नाही का? नीटनेटकेपणाचा अतिरेक, फार तर.

आजोबांनी चार वाजता गेम लावला. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तुम्हाला आठवतं ना, ते मला चिडवायला ‘बाई’ म्हणायचे, माझे विद्यार्थी म्हणायचे तसं? म्हणाले, बाई, जरा बाहेर या. मी गेले. पडद्यावर त्यांची लाल गाडी उभी होती. चाकं आडव्या अंड्यासारखी. कोपऱ्यातला वेगाचा डायलही तसाच. सगळी नोकरी त्यांनी कंपनीत शिफ्टला उभं राहून डायल बघण्यात घालवली होती. त्यांना ते खटकणार नाही, असं मला वाटलंच कसं?

“हे चाक बघ,” ते म्हणाले. “तुला गोल दिसतंय का?”

मला त्या क्षणी काय झालं ते सांगते. राग आला. मी नीट लावलेल्या वस्तूत खोट काढली म्हणून. दुकानदाराने सांगितलेलं न ऐकता मी बटण दाबलं, हे कबूल करावं लागेल म्हणून. इतकं क्षुल्लक कारण.

“गोल आहे,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा चाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“बाई म्हणतायत तर गोलच असणार,” ते म्हणाले, आणि हसले.

मीही हसले. मनात म्हटलं, रात्री बटण दाबून पूर्ववत करू, उद्या त्यांना बरोबर दिसेल, विषय संपेल. मग मी ते केलं का नाही?

इथे मला थांबावंसं वाटतं. पण थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

तुमचे आजोबा पेणचे, गणपतीच्या कारखान्यात वाढलेले. कारखाना त्यांच्या धाकट्या भावाने, तुमच्या नानाआजोबांनी चालवला. आजोबा कंपनीत लागले. पण मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे आखणी करायची, तर ती त्यांनीच. नोकरीत असताना रजा टाकून जायचे. निवृत्त झाल्यावर जूनपासून गणपतीपर्यंत पेणलाच मुक्काम. चार-आठ दिवसांनी एकदा घरी यायचे, नखांत रंग, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी.

मी इथे एकटी. कुंडलिका नदीला पाणी चढलं की दर तासाला गॅलरीत जाऊन बघायची. मी म्हटलं होतं, निवृत्त झालात की आपण दोघं घरी असू. ते हो म्हणाले होते. आणि पेणच्या घरी मी पाहुणी होते. तिथे त्यांची भाषा बदलायची, आवाज मोकळा व्हायचा. जावा मला खुर्ची देत आणि स्वतः खाली बसत. माझ्याशी जपून बोलत. मला आजोबांची ती मोकळी बाजू कधी मिळाली नाही. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं — स्वतःलाही नाही.

तर, त्याच संध्याकाळी जेवताना आजोबा म्हणाले, “मला चाक चपटं दिसतंय आणि तुला गोल. मग मी देवाचा डोळा कसा आखणार? मी बरोबर काढीन आणि तो वाकडा असेल.”

त्यांचा हात ताटात थांबला होता. आणि मला — खरं लिहिते — मला त्या क्षणी पावसाळाभर घरात असलेले ते दिसले. गॅलरीत दोन खुर्च्या दिसल्या.

मी म्हटलं, “यंदा नका जाऊ मग.”

तोच तो गुन्हा. चाक गोल आहे म्हटलं तो ताठा होता. हे मात्र मी समजून उमजून म्हटलं.

मी बटण दाबलं नाही. उलट ते कोणाच्या हाताने दाबलं जाऊ नये म्हणून मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटपट्टी लावली, धूळ जाते असं सांगून. आजोबा रोज चार वाजता एकदाच गेम लावायचे, चाक बघायचे, आणि बंद करायचे. खेळत नसत. चपटं दिसतंय की गोल, एवढंच बघत. ताटं, वाट्या, घड्याळ त्यांना गोलच दिसायचं. ते म्हणत, हे गोल आहे हे मला आधीपासून ठाऊक आहे, म्हणून मन गोल करून घेत असेल. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त. त्याचं मी काय केलं ते बघा.

पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, यांच्या मशीनमध्ये अजून दिसत नसेल. मी त्यांचा हात धरून त्यांना रिक्षात बसवलं — धरायची गरज नव्हती. तुमच्या बाबांनी फोनवर ऐकून इंटरनेटवर काहीतरी वाचलं आणि डोळ्यातल्या पडद्यामागचा कुठला विकार असेल असा तर्क केला. ईरा, तू डॉक्टरांना सांगितलास तो विकार हा एवढाच — माझं खोटं आणि बाबांचा तर्क.

नानाआजोबा वरशाला आले होते. ते आजोबांना म्हणाले, “दादा, हात हाय तसा हाय. मग अडलंय कुठं?” नाना माझ्याकडे वळले. “वहिनी, तुमी तरी सांगा त्याला. निस्ता येऊन बसला तरी चालंल.” मी चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या वर्षी त्यांनी स्कूटर विकली. मग पायऱ्या उतरताना कठडा धरायला लागले. डोळे चांगले असलेला माणूस आंधळेपणाची तयारी करत होता, आणि मी त्याला मदत करत होते. वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्यांना अक्षरं स्वच्छ दिसत होती, पण मी वाचलेलं त्यांना आवडायचं. आणि मला ते दिवस — हे लिहिणं सगळ्यात जड जातंय — मला ते दिवस आवडले.

तुम्ही दोघं नाताळच्या सुट्टीत आलात. निहार, तू पहिल्यांदा गेमच मागितलास. तू पडदा बघताच ओळखलं असतंस. मी तुला सांगितलं की सीडी खराब झाली, फेकली. आजोबांनी रोजचं चाक बघणंही तोवर सोडलं होतं; सीडी माझ्या कपाटात होती. तू आजोबांना म्हणालास, जाऊ द्या आजोबा, दुसरं खेळू, आणि ते म्हणाले, मला आता ते दिसतही नाही रे. तू मग त्यांच्याजवळ फारसा बसला नाहीस. तुला वाईट वाटलं असेल, किंवा काय बोलावं कळलं नसेल. तुझा दोष नाही. त्यांच्याबरोबरची तुझी ती शेवटची सुट्टी होती, आणि ती मी घेतली.

ते हृदयाच्या झटक्याने गेले. डोळ्यांचा संबंध नव्हता. शेवटपर्यंत ते मला स्वच्छ बघत होते.

तर आता कामाचं. ईरा, तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग: आजोबांना डोळ्यांचा कुठलाही विकार नव्हता. पेणच्या डॉक्टरांचा कागद मी बाबांना पाठवते आहे, त्यात लिहिलं आहे. उद्या सकाळी उठून खिडकीबाहेर काय आहे ते बघ. चौकट बघू नकोस.

निहार, सीडी चांगली आहे. चिकटपट्टी काढून मी सेटिंग बदललं आणि गेम लावून पाहिला. बाबांचे मित्र पुढच्या महिन्यात तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. तुझा पडदा रुंदच असेल. गुणोत्तर चारास तीन ठेव. कडेला काळं राहील, ते राहू दे.

तुम्हाला लिहिण्याआधी एकच काम केलं. पेणला जाऊन नानांना सांगितलं. कारखान्यात, त्यांच्यासमोर उभी राहून. खुर्ची दिली ती घेतली नाही. नाना एका मूर्तीच्या हाताला पॉलिश कागद मारत होते. मी बोलत होते तोवर त्यांनी हात थांबवला नाही. माझं संपल्यावर थांबवला.

“वहिनी,” ते म्हणाले, “तो मला म्हणला होता, माजं डोलं गेलं नाना, पन ही हाय म्हनून बरं हाय.”

एवढं बोलून ते उठले आणि आत रंग कालवायला गेले. कोणी मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी तिथे उभी राहिले आणि आजूबाजूला पाहिलं. आजोबांनी आखलेले बाकी सगळे डोळे पाण्यात गेले. ते तसे जायचेच असतात. पण भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचा एक चेहरा ठेवला आहे, धड नसलेला. आखणी शिकायला येणाऱ्यांनी बघून काढावं म्हणून आजोबांनी तो रंगवला होता, पेणला गेलेल्या त्यांच्या शेवटच्या वर्षी. कानाचा टवका उडाला आहे, सोंडेवर धूळ आहे. दोन्ही डोळे शाबूत आहेत, आणि कारखान्यातल्या मुली अजून त्यावरूनच आखतात.