झुलालची गोफण

झुलाल भोई बोलायचा कमी आणि मी वर्गात बोलून बोलून वैतागलेला, म्हणून आमचं जमलं असावं. अमळनेरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. त्याच्या गावासमोर तापीच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूचं एक बेट उघडं पडे आणि मार्च लागला की तिथे सुरय पक्षी अंडी घालत. घरटी मोजायची, पिल्लांच्या पायात नंबराची कडी अडकवायची, हे माझं खूळ. १९८४ पासून होडी झुलालची, मोजणीही त्याचीच. मी फक्त वही धरायचो.

खरा वैरी कावळा. उघड्या वाळूवरचं अंडं म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. म्हणून पिल्लं उडेपर्यंत झुलाल आणि त्याची बायको धुरपदाबाई पाळीपाळीने बेटाच्या टोकाला गोफण घेऊन बसत. दोघांत नेम तिचा पक्का. एकदा भर दुपारी सुरयची मादी नदीत पोट बुडवून आली आणि अंड्यांवर बसली.

"पोट भिजाडीसन बसस, सर. अंडासले ऊन लागाले नको," धुरपदाबाई म्हणाली.

मी हे पुस्तकात वाचलं होतं. तिने बघितलं होतं.

१९८९च्या एप्रिलात तीन दिवसांच्या तापात ती गेली. सुतकात दहा दिवस होडीला हात लावायचा नाही, आणि बाकीचे भोई या पाखरांच्या राखणीला हसत. मला पत्र मिळालं तेव्हा परीक्षा चालू होत्या. खरं सांगतो, पत्र वाचून मला आधी आठवली ती पिल्लं. त्याची लाज अजून वाटते.

दहाव्याला पोचलो. काठावर पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. तास झाला. झुलालचा चुलता वना आबा पुन्हा पुन्हा विचारत होता, "काय इच्छा राही गई व्हई तिनी?" दिरांनी काय काय कबूल करून पाहिलं. काही नाही.

मी समोर पाहिलं. बेट कावळ्यांनी काळं पडलं होतं. वर सुरय किंचाळत घिरट्या घालत होते.

"बठ्ठा कावळा तठे शेतस," झुलाल म्हणाला. हवापाण्याचं बोलावं तसा. मग पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "तुन्हा पिलासनी राखण मी करसू. तू जाय आते."

थोड्या वेळाने बेटावरून एक कावळा आला. चोचीला बलक लागला होता. त्याने पिंडाला चोच लावली. बायका रडल्या, आबाने सुस्कारा सोडला. झुलाल वाकून कावळ्याच्या पाया पडला. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेटावर गेलो. कडी घालायला एकही पिल्लू उरलं नव्हतं. त्याने सगळी घरटी पाहिली आणि मला शून्य लिहायला सांगितलं.

पुढच्या मार्चला सुरय परत आले. सत्तावीस घरटी. झुलाल दिलेल्या शब्दाप्रमाणे पहाटेपासून बेटावर, धुरपदाबाईने विणलेली गोफण हातात. मी शेजारी बसलो होतो. उन्हं वर आली तसा एक कावळा कडेच्या घरट्याजवळ उतरला. झुलालने गोफणीत दगड घातला. हात वर गेला आणि तिथेच राहिला.

"सर, पिंडले शिवना तो हाऊच व्हई तं?"

मी शास्त्राचा मास्तर. कावळ्यासारखा कावळा, हे मी त्याला सहज सांगू शकलो असतो. त्याने गोफण माझ्या हातात दिली. मी फिरवली. दगड पाण्यात पडला. कावळ्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि घरट्यातलं एकुलतं अंडं फोडलं.

झुलाल ते खाणं संपेपर्यंत बघत राहिला.

"लिखा, सर," तो म्हणाला. "सव्वीस."