डोक्यात चुन्याची भट्टी

हिंजवडीला तेव्हा कंपनीच्या बसआधी गोगलगाय पोहोचायची. एकदा मी गुळगुळीत दाढी करून बसमध्ये चढलो, तर उतरेपर्यंत छातीपर्यंत वाढली होती. माझं बोलणं हे असं. त्यामुळे ओठांना मुंग्या येतात, बोटं आखडतात, असं घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "परवा तुमच्या अंगावरून हत्ती गेला होता ना, त्याचंच असेल."

मेंदूच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली. आत खोलवर, दोन्ही बाजूंना सारखेच पांढरे डाग. "कॅल्शियम साचलंय." रक्तात मात्र ते फार कमी होतं. मानेतल्या मसुराएवढ्या ग्रंथींनी काम थांबवलं होतं. क्वचित दिसणारा आजार. डाग जाणार नाहीत, पण कॅल्शियमच्या गोळ्या रोज, आयुष्यभर. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी फिल्मकडे बघत होतो. काहीच वाटत नव्हतं.

घरी सासूबाई आल्या होत्या, शेजारचे काका होते. ऐकणारे मिळाले. "डोक्यात चुन्याची भट्टी लागलीय," मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, एवढ्या मालात दोन खोल्यांना सफेदी होईल!"

काका पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दूध, दही बंद. माझा पानाचा डबा माळ्यावर. गोळ्यांच्या बाटलीवर 'कॅल्शियम' वाचून बायकोनं ती कपाटात टाकली. "आधीच साचलंय, त्यात आणखी भर कशाला?"

मलाही पटलं. गोष्ट माझीच होती.

नवव्या दिवशी बसमध्ये फिटचा झटका आला. जाग आली तेव्हा हाताला सलाइन होतं आणि बायको डॉक्टरांना सांगत होती, "तुम्हीच म्हणालात ना, सफेदी होईल म्हणून?"

"मी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "ते माझं."

"रक्तातलं कॅल्शियम आणखी घसरलं, म्हणून झटका. गोळ्या थांबवल्यात तर पुन्हा येईल."

बायकोनं रुमाल काढून मुठीत धरला. तो कोरडाच राहिला.

तेव्हापासून दर तपासणीला ती सोबत येते. डॉक्टर मला विचारतात आणि ती वहीतून वाचते. "मुंग्या दोनदा. झटका नाही. गोळी एकही चुकली नाही."

"बरोबर?" डॉक्टर विचारतात.

"बरोबर."

तेवढंच बोलून मी शर्टाची बाही वर करतो. रक्त काढताना सुई टोचते, ते दिसतं; वाटत काहीच नाही.