एकच प्रकरण, दोन शेरे

कुणी ‘हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालंय’ म्हटलं, की आमचे हे सहकारी चहाचा कप खाली ठेवून तीन बोटं वर करत. “कोणती पद्धत? शोधायची, पारखायची, का मागून पुस्तकात लिहायची? तिन्ही येगळ्या हायत.” स्टाफरूम रिकामी व्हायला एवढं पुरत असे.

ते सिरसाळ्याचे, आष्टीला आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. विज्ञानातले सिद्धान्त कसे बदलतात, यावर त्यांची पीएचडी चालली होती. त्यांचं म्हणणं सोपं होतं: सिद्धान्त पारखायचे कोणते नियम विद्वान सांगतात त्यावर जाऊ नका. ते काय स्वीकारतात आणि काय नाकारतात ते बघा. खरी कसोटी तिथे सापडते.

प्रबंधातलं तीन पद्धतींच्या व्याख्यांचं प्रकरण गाईडनी परत केलं. शेरा होता: ‘अशास्त्रीय. व्याख्या ढिसाळ.’ पुढच्याच वर्षी गाईडचं पुस्तक निघालं. त्यात त्याच तीन पद्धती होत्या, व्याख्यांसकट. प्रकाशनाला शाल, फेटा, ढोलताशे. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या असत्या.

“भांड की,” मी म्हणालो.

“भांडून काय व्हतंय? तोंडानं माणूस काय बी सांगतो. मी त्यायला पारखणार हाय.”

मग ते ग्रंथालयात बसून गाईडच्या हाताखालचे सगळे प्रबंध वाचू लागले. त्यात माझाही होता. एक दिवस म्हणाले, “पास झालेल्या सगळ्यायच्या पहिल्या पानावर सरांची स्तुती हाय. तुझ्यात तर दोनदा हाय बे.”

मी विषय बदलला.

त्यांनी ते परत आलेलं प्रकरण एक स्वल्पविरामही न हलवता पुन्हा दिलं. सुरुवातीला फक्त एका वाक्याची भर: गाईडच्या मूलगामी ग्रंथाचं ऋण. शेरा आला: ‘आता काटेकोर. स्वीकृत.’

खुल्या व्हायवाला त्यांची पत्नी पेढे घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. सगळा प्रबंध तिनेच टाइप केलेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “नियम सांगायचा एक आणि वापरायचा दुसराच, याचं एखादं उदाहरण?” जुन्या खगोलशास्त्रातलं उदाहरण यांना पाठ होतं. ते सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत डॉक्टर झाले असते.

त्यांनी प्रकरणाच्या दोन्ही प्रती पडद्यावर लावल्या. मजकूर तोच, शेरे दोन, सही एक. “नमुना समोरच बसलाय, सर.”

हॉल हसला. गाईड पंख्याकडे बघत राहिले. मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

गाईडनी अहवालावर सही केली नाही. पदवी गेली.

“झालं का मनासारखं?” व्हरांड्यात पत्नीने विचारलं.

“लई.”

“आन् डिग्री?”

तिने पुडा सोडला. “खावा आता. उद्याला नासतेत.”

गेल्या वर्षी ते वारले. प्रबंध त्यांनी आधीच ग्रंथालयाला देऊन ठेवला होता, दोन्ही शेऱ्यांसह. गाईड अजून गाईडच आहेत, आणि त्यांचे नवे विद्यार्थी हा प्रबंध रांग लावून वाचायला नेतात. मला कोण अभिमान वाटला. परवा उघडून पाहिला. व्याख्यांची पानं कोरी करकरीत. ऋणाच्या वाक्याचं पान तेवढं बोटांनी काळं झालंय, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: ‘हे चालतं.’