माठातला समुद्र

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटलं साधं काम केलं ते काचा धुण्याचं. प्रयोगशाळेच्या मागं नळाखाली एक दगडी टाकं होतं, तिथं. मी सोड्याच्या गरम पाण्यातून एकेक स्लाइड काढायचो, साध्या पाण्यात बुचकळायचो आणि तिच्या हातात द्यायचो. ती जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसून उजेडात धरायची. तिची बोटं सुजून केळ्यासारखी झाली होती, काच चिमटीत ठरत नव्हती. एक निसटली, फुटली.

मी म्हणालो, "फोड अजून. तुह्या बापाच्या घरच्या हायेत."

ती म्हणाली, "माह्या बापाच्या घरी काच कुठची? मडकं होतं, तेबी चिरकं."

एवढंच बोलणं झालं. तुकडे मी उचलले. दिवस मावळता मावळता ती गेली.

आता हे सगळं पुढूनमागून सांगत बसण्यापेक्षा सुरुवातीपासून सांगतो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खात्यात शिपाई होतो. चौथी पास. आम्ही बुद्धाचे झालो त्यानंतर थोड्याच वर्षांत ही नोकरी लागली. प्रयोगशाळेच्या पाठीमागची पत्र्याची खोली राहायला मिळाली, आणि बायकोला खात्याची झाडझूड. बायको अकोल्याकडची, पूर्णेच्या काठची. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खोदली की पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. गावात एक गोड्या पाण्याची विहीर होती. ती आमच्या लोकांसाठी नव्हती. आमच्यासाठी खारी होती. ती तेच पाणी पिऊन वाढली, तेच पिऊन लग्नाची झाली. पुढं गोडी विहीर सगळ्यांना मोकळी झाली म्हणतात. झाली असेल. तोवर हिचे गुर्दे काम आटोपून बसले होते.

सकाळी तोंड सुजायचं, संध्याकाळी पाय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पायात बोट रुतवून पाहिलं. खड्डा पडला तो पडलाच. म्हणाला, मीठ बंद, पाणी मापानं. ती बाहेर येऊन म्हणाली, "जलमभर फुकट पाजलं, आता माप लावते मेला."

आमच्या खात्याचे प्रमुख पुण्याकडचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणत असू. बोलायला मऊ, पण माणूस मऊ नव्हता. त्यांचा सगळा जीव समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्राण्यांत. वऱ्हाडात समुद्राचं नाव कोणी काढत नाही, आणि हा माणूस त्याच्यावर पंधरवडे घालवायचा. एकाच पेशीचे प्राणी, अंगाला बारीक केस. केस हलवत पोहतात, केसांनीच तोंडाकडं खाणं ओढतात. तशातले आपल्याकडं वडाळीच्या तळ्यातही असतात. ते मी गवत उकळून त्या पाण्यात वाढवायचो, मुलांना प्रॅक्टिकलला लागायचे म्हणून. पण सरांचे समुद्रातले होते ते अंगाभोवती गाडगं करून राहणारे. खरंच गाडगं: काठ, गळा, पोट, खाली टोक. कोणी कोणी वरून वाळूचे कणही चिकटवतात. प्राणी आत बसतो, केसांचा तुरा तेवढा तोंडाबाहेर काढतो, आणि गाडग्यासकट पोहतो.

सरांच्या कपाटात फॉर्मॅलीनच्या बाटल्याच बाटल्या. गाडग्याच्या आकारावरून सर त्यांची कुळं लावत. लांब गळ्याचा या कुळातला, आखूड गळ्याचा त्या. आतला प्राणी बहुतेक वेळा फॉर्मॅलीन लागताच सुटून गेलेला असायचा, हाती नुसतं गाडगं. एकदा हे सांगताना मला हसू आलं.

"काय रे, हसायला काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही सर. आमचंबी कूळ लोक असंच ओळखत होते. गळ्यातल्या गाडग्यावरून."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग परदेशातून एक मासिक आलं. सर दिवसभर तेच वाचत बसले. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, तेव्हा मी फळा पुसायला उभा होतो. तिकडं विजेवर चालणारा एक मोठा सूक्ष्मदर्शक निघाला होता. त्यात हे प्राणी कापून पाहत होते, पेशीच्या आतला संसार दिसेल इतके पातळ. एका केसाचा आडवा काप सरांनी फळ्यावर काढला: कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या, मधात दोन. तळ्यातल्याचा केस कापा की समुद्रातल्याचा, आत हेच. म्हणजे सगळे एकाच मूळ पुरुषाचे. भाऊबंदकीतलं जवळचं-लांबचं ओळखायचं तर केसांच्या मुळांशी निघालेले धागे पाहा, तोंडाभोवतीच्या केसांच्या रांगा पाहा, पोटातली मोठी-लहान केंद्रकं पाहा. गाडग्यावर जाऊ नका, असं तिकडचे काही लोक म्हणू लागले होते. एकच प्राणी आज एक गाडगं करतो, उद्या दुसरं.

सरांची अर्धी हयात गाडग्यांत गेली होती. आता त्यांना आत पाहायचं होतं. त्यासाठी प्राणी जिवंत हवे होते.

"जिवंत कशाला सर? कापायचेच ना?" मी विचारलं.

"आपोआप मेला की आतून विस्कटतो. चांगला पोहत असताना मारला, तर जसाच्या तसा राहतो."

त्याच वर्गात सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी घरी सांगितली. तळ्यातल्या प्राण्याच्या अंगात गोडं पाणी सारखं शिरत असते. म्हणून त्याच्या आत एक पिशवी असते, ती भरते, आकसते, पाणी बाहेर फेकते. नाही फेकलं तर तो फुगून फुटेल. बायको चुलीपुढं बसली होती, पाय लांब करून. म्हणाली, "माही पिशवी बिघडली म्हना ना." मग म्हणाली, "अन् समुद्रातल्याले?"

ते मला ठाऊक नव्हतं. सरांना विचारून आलो. त्यांच्या या गाडगेवाल्यांना तशी पिशवी लागत नाही म्हणाले. बाहेर खारं, आत खारं.

ती इतकी हसली की धाप लागली. "खाऱ्या पान्यात जलमला, खाऱ्यातच राह्यला, अन् त्याले काईच होत नाई? अवो, मले दाखवा तो. मले पाह्यचा हाय. मेलेला नाई, जिता."

त्या दिवसापासून हिचा एकच ध्यास. दुसऱ्या बायका डोरलं मागतात, हिला हे पाहायचं होतं. मी सरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "सूक्ष्मदर्शक म्हणजे जत्रेतली पेटी नाही."

समुद्राच्या पाण्याचा पहिला बुधला आला तो फाल्गुन सरताना. मुंबईच्या कोणा ओळखीच्या माणसानं भरून रेल्वेनं धाडला. मी बडनेरा स्टेशनावरून टांग्यात मांडीवर धरून आणला. काच हाताला कोमट लागत होती. सर घाबरे झाले. थंड ठेवायचा कुठं? बरफाची पेटी खात्यात नव्हती.

बायको दारात झाडू घेऊन उभी होती. म्हणाली, "आमचा माठ हाय ना. नवाच हाय. बरफावानी पानी करते."

सर आमच्याकडं पाणी पीत नव्हते. वैशाखात ओठ फुटलेले असले तरी म्हणत, तहान नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "आण. ओत त्यात."

वऱ्हाडात लांबून आलेल्या पाण्याचं माणूस दुसरं करते काय? माठातच ओतते. तिला सुचलं, सरांना पटलं, मी ओतलं. माठाखाली ओली वाळू, तोंडावर ओलं फडकं. दोन दिवसांत माठाच्या अंगावर पांढरं फुटलं, राख फासल्यासारखं. पाणी पाझरलं, मीठ बाहेर आलं, नव्या मातीचा कस आत उतरला. सरांनी थेंब काढून पाहिला. सगळी गाडगी तळाशी, एकही केस हलत नव्हता.

"अडाण्यांच्या नादी लागलो," सर म्हणाले. माझ्याकडं पाहून म्हणाले, पण तिला ऐकू जाईल असं. "यापुढं या बाईनं इथं झाडायचं आणि निघायचं. कशाला हात लावायचा नाही."

घरी आल्यावर तिनं माठ आदळला. फुटला नाही. "ओत म्हने कोन? म्या? आपल्या माठातलं पानी पेत नाई, पन मुडदे आपल्याच माठात टाकते."

तो माठ तिनं टाकला नाही. दहादा धुतला, तरी पाणी किंचित खारंच लागायचं. मी म्हणालो, दुसरा आणतो. म्हणाली, "राहू द्या. माहेरचं पानी हाय."

दुसरा बुधला थंडीत आला. तोवर तिचं अंग पार गेलं होतं. शेजारणी तोंडावर म्हणायच्या, "काय वं, पान्याची मशक भरली का?" ती म्हणायची, "भरली. प्या." या वेळी सरांनीच युक्ती केली. पाणी काचेच्या बरणीतच ठेवलं आणि बरणी ओल्या वाळूत पुरली, खिडकीला पोतं लावलं. वाळू भिजवायचं काम माझं. प्राणी जगले. सर दिवसातून चारदा पाहायचे आणि लहान मुलासारखे हसायचे.

मी त्या हसण्यात गाठलं. "सर, डॉक्टरनं हात वर केले. ती आता फार दिवस काढत नाही. एक डाव पाहू द्या."

सर म्हणाले, "बरं. उद्या दुपारी, मुलं गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी तिनं डोक्याला तेल लावलं. धुतलेलं लुगडं नेसली. मला म्हणाली, "डोया कोनता लावा लागते? दोनी चालते का?" मी म्हणालो, एक मीट, एक लाव. ती प्रयोगशाळेच्या पायरीपर्यंत भिंत धरत आली आणि तिथंच बसली. एक डोळा मिटून बसायची सवय करून राहिली होती.

आत सरांनी बरणीतला थेंब घेतला, डोळा लावला. चेहरा फुलला, मग पडला. "मंदावले. कालच्यासारखे नाहीत."

त्यांनी कपाटातून लहानशी काचेची कुपी काढली. तिच्यातलं औषध महाग आणि वाईट. वाफ लागली तरी डोळे जळतात. पेशीला जागच्या जागी धरून ठेवते आणि काळी करते.

मी म्हणालो, "सर, ती दारात आहे."

"दिसतेय मला. आता मारले नाहीत तर हातचे जातील. वर्ष फुकट. पुढच्या वेळी."

सरांनी बरणीतलं पाणी काचेच्या वाटीत ओतून घेतलं, आणि कुपीचं तोंड फुटल्याचा आवाज झाला. पाणी राखी झालं, मग काळपट. माझे डोळे चुरचुरले. सरांचेही.

दारातून ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मेले?"

"हो."

"चांगले पवून राह्यले होते का?"

मी म्हणालो, "म्हणूनच मारले."

ती भिंत धरून उठली. "मंग जसेच्या तसे राह्यतीन," म्हणाली.

पुढं त्या काळ्या कणांचे मोठ्या शहरात काप झाले, फोटो आले. सरांनी वेगवेगळ्या कुळांत घातलेले दोन प्राणी आतून एकच निघाले. सरांनी त्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि माझ्याकडं धुवायला दिल्या. ते पुढचं.

त्या दुपारी ती परत जाऊन निजायचं सोडून टाक्याशी येऊन बसली. म्हणाली, "द्या त्या काचा." तेल लावलेलं डोकं, धुतलेलं लुगडं, आणि आम्ही काचा धुतल्या. एक फुटली ती सांगितलीच.

संध्याकाळी तिला पाणी पाहिजे होतं. त्या दिवसाचं माप संपलं होतं. माप गेलं खड्ड्यात. मी माठातून तांब्या भरून दिला. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "खारंच हाय अजून," म्हणाली. दुसरा घोट आत गेला नाही.

अकोल्याला तिच्या भावाकडं माणूस धाडला. तो आल्याशिवाय उचलता येत नव्हतं. सकाळी शेजारच्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या, आणि ज्या तोंडानं मशक म्हणत त्याच तोंडानं रडत होत्या. मला तिथं बसवेना. कालची भांडी टाक्यात तशीच होती. मी प्रयोगशाळेत गेलो.

सर माझ्या आधी आले होते. सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. मला पाहून उठले.

"कळलं मला. तू आज यायला नको होतंस."

सरांनी हात चोळले. मग म्हणाले, "बरणीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. आत्ता पाहिलं. एक जिवंत आहे रे. छान पोहतोय." आणि त्यांनी आपलं स्टूल माझ्यासाठी ओढून दिलं. इतक्या वर्षांत कधी दिलं नव्हतं. "ये. तू तरी पाहून घे."

मी जवळ गेलो. डोळा लावला नाही. भिंगाखालची स्लाइड काढली, खिडकीकडं धरली. एक थेंब होता. आत काही दिसत नव्हतं.

"तिनं नाही पाह्यला. मी काहून पाहू?"

"अरे, थांब..." सर म्हणाले.

मी मागं टाक्याशी गेलो. स्लाइड सोड्यात बुडवली, अंगठ्यानं चोळली, साध्या पाण्यातून काढली. तिच्या लुगड्याचं फडकं दोरीवर वाळत होतं. त्यानं पुसली आणि उजेडात धरून पाहिली. एका कोपऱ्यात डाग राहिला होता. परत पुसली.