अठरा बाजारांचा शकूर

आमच्या सोनाळ्याच्या शकूरला गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांची ही गोष्ट आहे.

आठवड्यातले सहा दिवस शकूर सायकलींची पंक्चर काढायचा. बाजाराच्या दिवशी मात्र धुतलेला सदरा घालून तो माचावर चढायचा. पिकाच्या राखणीला शेतात उभारतात तसलाच हा लाकडी माच, फक्त बाजाराच्या मधोमध. वर भोंगा, शेजारी बॅटरी, हातात माईक. दुकानदार त्याला जाहिराती सांगायचे, पण त्या द्यायच्या कशा हे तो एकटा ठरवायचा. वरून जो दिसेल त्याला नावानं हाक मारायची, ही त्याची रीत. महादेवरावांना सांगणार की बैलाची वेसण झिजली, भगवानरावांच्या दुकानात नवी आली आहे. सरस्वतीबाईंना विचारणार की मागच्या बाजारचा चहा संपला का. ज्याचं नाव निघालं त्यानं माचाखाली थांबून उत्तर द्यायचं, शकूरनं त्यावर टोला हाणायचा, की सारा बाजार हसलाच म्हणून समजा. उत्तर न देता पुढे जाणाऱ्याला गाव शिष्ट म्हणायचं. आपलं नाव निघावं म्हणून लोक माचासमोरून दोनदोनदा जायचे. मी तीनदा गेलोय, भांग पाडून. खोटं कशाला बोलू?

मग नागपूरच्या रेडिओवर जाहिराती सुरू झाल्या. तिकडे खोलीत बसून एक बाई साबणाचं नाव घेते आणि त्याच घडीला ते साऱ्या विदर्भाला ऐकू येतं, याचं आम्हाला इतकं अप्रूप, की ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे गाण्यांपेक्षा जाहिरातींनाच गर्दी व्हायची. ते पाहून नागपूरच्या एका प्रचार कंपनीनं बेत केला. सोनाळा, टुनकी, संग्रामपूर, पार लोणारकडच्या सुलतानपूरपर्यंत अठरा बाजारांतले भोंगे एकत्र करायचे. नवी यंत्रं कंपनी देणार. आवाज सगळीकडे एकच, तबकडीत भरलेला. भोंगेवाल्यानं फक्त तबकडी लावायची, स्वतः अवाक्षर बोलायचं नाही. बोलला की यंत्र परत. आणि तो एक आवाज अठरा भोंगेवाल्यांतूनच निवडायचा होता.

शकूरची झोपच उडाली. निवड झाली तर अठरा गावांत आपण, नाही झाली तर आपल्याच माचावर दुसऱ्याचा आवाज आणि आपण मुकाट. आठ दिवस तो पुणेरी मराठीचा सराव करत होता. बायकोकडे पाणीसुद्धा 'कृपया' म्हणून मागायचा. गौसिया पाणी द्यायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

नागपुरात त्याला बंद खोलीत माईकपुढे उभं केलं. हातात साबणाच्या जाहिरातीचा कागद होता, त्यात 'निर्मळता' आणि 'गृहिणी' असले शब्द. संग्रामपूरच्या भोंगेवाल्या सहदेवनं तो आधी खणखणीत वाचला होता. शकूरला मात्र ते जमेना. समोर नुसती भिंत, हाक मारायची कुणाला? त्यानं दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा त्यानं कागद खिशात घातला, डोळे मिटले आणि सोनाळ्याचा बाजार डोळ्यांपुढे आणला.

"पंजाबराव, थे धोतर पाहा बरं तुमचं. काठ कोनता अन् मळ कोनता, समजून नाही राह्यलं. न्या साबन, नाही तं पुष्पाबाई घरात घेनार नाही!"

आमच्याकडे पंजाबरावांच्या घरी पुष्पाबाई खरोखरच आहेत, आणि धोतराचंही खरंच आहे. कंपनीचे साहेब मात्र चिडले. एका गावाची नावं दुसऱ्या गावात कशी चालतील, असं त्यांचं म्हणणं. त्यावर शकूरनं हात जोडले.

"साहेब, वऱ्हाडात पंजाबरावाबिगर एक बाजार दाखवा मले. मी इथून सायकलीवर घरी जातो."

साहेब हसले नाहीत, पण पारखायला म्हणून त्याच बोलण्याची तबकडी करून सुलतानपूरच्या बाजारात लावली. तीन पंजाबराव साबण घ्यायला आले, तिघेही आपापल्या धोतराकडे पाहत. शकूरची निवड झाली.

तार आली त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले. आमच्या गावचा आवाज अठरा बाजारांत! माझी छाती अशी फुगली होती की जणू मीच नागपूरला जाऊन बोललो होतो. बाजाराच्या दिवशी कंपनीचा कारकून जीपमधून नवं यंत्र घेऊन आला. माचाला तोरण बांधलं होतं. शकूर वर चढला, तबकडीवर सुई ठेवली आणि हाताची घडी घालून बसला.

भोंग्यातून खणखणीत हाक आली. पंजाबराव धोतर सावरत लगबगीनं माचाखाली आले आणि रीतीप्रमाणे त्यांनी जबाब दिला, की पुष्पाबाई घेते घरात, तू तुझ्या गौसियाचं पाहा. आम्ही हसायला तोंड उघडून टोल्याची वाट पाहत राहिलो. तबकडीतला शकूर पुढच्या जाहिरातीतल्या चहाविषयी बोलू लागला. पंजाबरावांनी दुसरा जबाब दिला, मग तिसरा. माचावरचा शकूर ओठ घट्ट दाबून बसलेला, मान खाली. जीपला टेकून कारकून त्याच्यावर नजर ठेवून होता. मला फार वाईट वाटलं, आणि पेढे खाल्ल्याची लाजही वाटली.

पंजाबराव शेवटी हळू आवाजात म्हणाले, "शकूर, मी उभा आहो न बे इथं. काऊन बोलत नाही?"

शकूरनं सुई उचलली. यंत्राचाच माईक तोंडाशी धरला.

"बोलतो, पंजाबराव. गौसियानं कालच सांगतलं, त्या धोतराले साबन नाही, कुदळ लागते."

बाजारानं असा काही जल्लोष केला की बैल बिचकले. कारकुनानं तिथल्या तिथे यंत्र उतरवून जीपमध्ये ठेवलं. शकूर तडक घरी गेला आणि जुना, खरखरणारा भोंगा डोक्यावर घेऊन परत आला.

तबकडीमुळे माल खपत होता, म्हणून कंपनीनं ती बाकी सतरा गावांत चालू ठेवली. फक्त सोनाळा वगळलं. पुढच्या बाजाराला टुनकीचा एक म्हातारा चालत आमच्याकडे आला. त्याला ना बैल घ्यायचा होता, ना साबण. तो थेट माचाखाली जाऊन उभा राहिला.

"मी टुनकीचा पंजाबराव," तो वर पाहून म्हणाला. "आमच्या बाजारात तू मले हाका मारतं अन् मी जवाब देतो तं आयकत नाही. आता बोल."