खाडीच्या बाजूला उभी असलेली जना

या सदरातले अनुभव मी वाचतो, हसतो आणि पान उलटतो. पिंपळावरची सावली, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई – असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय. कारण परवा नातवाने माझी गोष्ट ऐकली आणि म्हणाला, "आजोबा, ते मिराज होतं. शाळेत शिकवतात." अरे, मिराज म्हणजे आपलं मृगजळ, ते काय असतं हे मी तुझ्या बापाच्याही आधी शिकलोय. पोटासाठी शिकलोय!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी कल्याणला राहायचो आणि एका सरकारी खात्यात सर्व्हेचं काम करायचो. त्या उन्हाळ्यात ठाण्याला, कोपरीच्या पलीकडे खाडीपर्यंत जमिनीची उंची मोजायचं काम होतं. सगळी मिठागरं. मीठ काढून झालेली, वाळलेली, डोळ्यांत सुया टोचाव्यात इतकी पांढरी.

काम साधं असतं. मी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, आणि समोर लांबवर माझा माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा. दिसेल तो आकडा टिपायचा. त्या काळच्या आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. माणूस डोकं खाली, पाय वर. पहिले काही दिवस गरगरतं, मग सवय होते. इतकी होते की उलटं तेच सरळ वाटायला लागतं.

आणि उन्हाळ्यात एक नियम. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, गार खाली येते, सगळी घुसळण. त्यातून येणारा प्रकाश सरळ येतच नाही, वाकडातिकडा होत येतो. पट्टीवरचे आकडे नाचायला लागतात, एकाचे दोन होतात. आम्ही म्हणायचो, 'हवा उकळली.' हवा उकळली की काम बंद. मग मागे, गावाच्या बाजूला मिठागराची एक खोपटी होती, तिच्या सावलीत जाऊन बसायचं.

माझी पट्टी धरायचा पोशा, तिथलाच आगरी. पूर्वी मिठागरात राबलेला. त्याची बायको जना रोज त्या खोपटीवर भाकरी घेऊन यायची. दिवस भरत आलेले, पोट पुढे आलेलं, तरी यायची. पोशा ओरडायचा, मी ओरडायचो. ती ऐकायची नाही.

त्या दिवशी साहेबांचा हुकूम होता – खाडीपर्यंतचं काम आजच संपवा. म्हणून हवा उकळली तरी आम्ही थांबलो नव्हतो. दुर्बिणीचं तोंड खाडीकडे, पट्टी धरून पोशा तिकडेच, आणि खोपटी, गाव, सगळं माझ्या पाठीमागे. हे नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ इथेच आहे.

आकडे नुसते फेर धरून नाचत होते. मी डोळा लावून बसलो होतो, जरा थांबलं तर टिपू म्हणून... आणि थांबलं. एकदम थांबलं. भर दुपारी, त्या भट्टीत, चित्र असं स्वच्छ झालं की पट्टीवरच्या रंगाचे पोपडे दिसले.

पट्टीच्या मागे, खाडीच्या बाजूला, एक बाई उभी होती. उलटी.

निदान मला तसं वाटलं. बाई उलटी कशी उभी राहील? मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या दुर्बिणीत पोशा उलटा होता, पट्टी उलटी होती, म्हणजे ती दोघं ठीक होती. ही बाई सरळ दिसत होती! डोकं वर, पाय खाली. सवयीमुळे मला तीच उलटी वाटली, आणि खरोखर उलटी होती तीही तीच. हिरवं लुगडं, पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर आणि दुसरा वर. बोलावत होती. मग हवा पुन्हा उकळली आणि सगळं विरघळलं.

हाक पोचण्याइतकं जवळ कोणी नव्हतं. मी दोन्ही हात हलवून पोशाला बोलावलं. तो धापा टाकत आला.

"पोशा, जना तिकडे कशी गेली? तुझ्या मागे उभी होती."

त्याने वळून पाहिलं. नुसता चिखल आणि खाडीचं पाणी. "तिकरं कोन जातंय साहेब? तिकरं वाटच नाय."

"हिरवं लुगडं. हात वर केला होता."

पोशाचं तोंड उतरलं. सकाळी ती हिरव्या लुगड्यात होती. तो खोपटीकडे पळत सुटला, मी यंत्र तसंच टाकून त्याच्या मागे. खोपटीत कोणी नव्हतं. आणखी पुढे, गावाच्या वाटेवर, बांधाच्या खालच्या अंगाला जना पडली होती. ऊन लागलेलं, शुद्ध नाही. माझ्या जागेवरून मी वळून पाहिलं असतं तरी बांधाआड ती दिसली नसती.

तोंडावर पाणी मारलं, लुगडं भिजवलं, टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आई आणि मूल, दोन्ही गेली असती. दोघं वाचली. मुलगी झाली.

आमचे साहेब शिकलेले आणि सज्जन. त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. तापलेल्या जमिनीवर हवा आरशासारखी वागते, वस्तूची उलटी प्रतिमा दाखवते. उलटी प्रतिमा उलट्या दुर्बिणीत सरळ दिसणार. म्हटलं, साहेब, शंभर टक्के मान्य. पण उलट्या प्रतिमेच्या वर मूळ वस्तू असावी लागते ना? ती कुठे होती? आणि हवा प्रकाश वाकवते, जरासा वाकवते. माझ्या पाठीमागचा प्रकाश उचलून समोर आणून ठेवत नाही. साहेबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तुम्हालाही ऊन लागलं असेल."

नव्हतं लागलं. तेव्हाही तोंडावर सांगितलं, आजही सांगतो.

तिकडे पोशाच्या आईचं वेगळंच. बांधावरच्या देवाने दाखवलं म्हणे, त्याला कोंबडा द्या. मी म्हटलं, देवाला दाखवायचंच होतं तर खरी जागा दाखवायची, खाडीत कशाला दाखवली? म्हातारी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

बारशाला साहेब आणि मी दोघंही गेलो. बायका जनाला तेच तेच विचारत होत्या – तू तिकडे गेलीच नाहीस, मग दिसलीस कशी? साहेबांनीही आपलं उन्हाचं सांगायला सुरुवात केली. जना मुलीला पाजत होती. मान वर न करता माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पडन्याच्या आदी मी हात केलता. जवल कोन नव्हता. यांनी बगला. कसा बगला, ते मना काय इचारता?"



माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. सायन्सवाल्यांकडे असेल तर द्या, मी पाया पडेन. फक्त मला काही दिसलंच नाही, असं म्हणू नका. दिसलं नसतं तर त्या दुपारी पोशा पट्टी धरून तिथेच उभा राहिला असता.