मोडलेली होडी बघायला साहेब आले

मंडळी, आज आमच्या वरळी कोळीवाड्यात वादळाच्या नुकसानीचा पंचनामा करायला साहेब आले. वादळ होऊन चार महिने झाले!

"मोडलेली होडी कुठाय?" त्यांनी आईला विचारलं.

"दर्यात गेलीय, हिच्या बाबांना घेऊन."

"मग नुकसान काय लिहू?"

अहो, पोट हातावर असताना मोडकी होडी तुम्हाला दाखवायला ठेवायची? शेजाऱ्यांनी फळ्या आणून पंधरा दिवसांत उभी केली तिला. साहेबांनी 'नुकसान नाही' लिहिलं. मी जाम भडकले.

आई मात्र बोंबील वाळत घालताघालता हसली. "बसा साहेब. होडी बघूनच जा. तुमच्यापेक्षा लवकर येईल ती."

साहेब थांबले नाहीत. होडी दुपारी आली, भरून.

तुमच्याकडे संकटात आधी कोण पोचलं, सरकार की शेजारी?